विचारा की! : रिपोर्ट निगेटिव्ह, मग पाकिटात होतं काय?

बाई, नमस्कार. मी उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो भिंत धरतच घरात आला. छाती धडधडत होती, उलट्या झाल्या, सख्ख्या बहिणीला ओळखेना. नंतर हळूहळू माणसात आला. सॅकमध्ये चकचकीत पाकीट सापडलं. आत वाळक्या पाल्याचा चुरा, वास अत्तरासारखा, वर इंग्रजीत लिहिलेलं, ‘मानवी सेवनासाठी नाही’. दुसऱ्या दिवशी खासगी लॅबमध्ये लघवी तपासली. गांजा निगेटिव्ह. पोरगा म्हणतो, ‘बघा की पप्पा, उगाच संशय घेतलासा.’ बायको म्हणते, विषय संपला. रिपोर्ट चुकला असेल काय?
— एक वाचक, अनगोळ

रिपोर्ट बहुधा बरोबर आहे. पण विषय संपलेला नाही.

तुम्ही क्वालिटीचे, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. २५ मिलिमीटरचं प्लग गेज १६च्या बोअरमध्ये जाणार नाही. म्हणून ‘या जॉबला भोकच नाही’ असा शेरा तुम्ही माराल काय? लघवीची ती पट्टी असंच एका मापाचं गेज आहे. ते माप गांजाचं.

गांजातला नशा आणणारा मुख्य रेणू म्हणजे टीएचसी. इस्राएलमध्ये येहिएल गाओनी आणि राफाएल मेशुलाम यांनी १९६४ मध्ये तो शुद्ध रूपात वेगळा केला आणि त्याची रचना मांडली. पोटात किंवा फुफ्फुसात गेलेल्या टीएचसीचं यकृत हळूहळू एक आम्ल बनवतं आणि ते लघवीत उतरतं. पट्टीवरच्या अँटिबॉडी हे आम्ल ओळखतात. तेही मिलिलिटरमागे साधारण ५० नॅनोग्रॅमच्या वर असेल तरच पट्टी पॉझिटिव्ह म्हणते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

आता तुमचं पाकीट. पत्र वाचून पदार्थ ओळखायची विद्या मला येत नाही, पण वर्णन ओळखीचं आहे. अशा पाकिटात पाला हा नुसता भराव असतो. कसलाही चालतो. प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन अॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून त्यावर फवारायचं आणि वाळवायचं, एवढाच कारखाना. या रसायनांना सिंथेटिक कॅनाबिनॉइड म्हणतात. पोरं ‘हर्बल’ म्हणून ओढतात, त्यात हर्ब तेवढं खरं.

या कुटुंबातला जुना आणि प्रसिद्ध पदार्थ जेडब्ल्यूएच-०१८. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन डब्ल्यू. हफमन या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने मेंदूतले रिसेप्टर, म्हणजे रेणू कुलपात किल्लीसारखे जिथे बसतात त्या जागा, अभ्यासण्यासाठी असे शेकडो रेणू बनवले होते; जेडब्ल्यूएच ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. शोधनिबंध सगळ्यांना वाचता येतात, आणि कोणीतरी ते वाचले. २००८च्या डिसेंबरात जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्रयोगशाळांना ‘स्पाइस’ नावाने खुलेआम विकल्या जाणाऱ्या पाल्यात हा रेणू सापडला.

जेडब्ल्यूएच-०१८ आणि टीएचसी यांची चित्रं शेजारी ठेवली तर नातेवाईक वाटणार नाहीत. टीएचसीत एकमेकांना चिकटलेली तीन कडी आणि पाच कार्बनची शेपटी. जेडब्ल्यूएच-०१८मध्ये नायट्रोजन असलेलं इंडोलचं कडं, कार्बोनिलच्या पुलाने त्याला जोडलेलं नॅफ्थलीन. तरी मेंदूतल्या सीबी-१ या त्याच रिसेप्टरवर दोघंही बसतात, आणि जेडब्ल्यूएच-०१८ टीएचसीपेक्षा कितीतरी घट्ट बसतो. शिवाय टीएचसी रिसेप्टरला अर्धवटच चालू करतं, हे रेणू तो पूर्ण चालू करतात. म्हणून छातीची धडधड, उलट्या, भ्रम, काहींना फिट. फवारणी सगळीकडे सारखी होत नाही. एका चिमटीत जवळजवळ काही नसतं, दुसऱ्या चिमटीत तिप्पट असू शकतं. ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे.

मेंदूच्या रिसेप्टरला दोन्ही चालतात, पट्टीवरच्या अँटिबॉडीला मात्र फक्त टीएचसीचं आम्ल चालतं. तुमच्या रिपोर्टचा उलगडा इथे होतो.

मग पट्टी सोडून मोठ्या मशीनवर लघवी तपासली तर? तिथेही एक खोच आहे. हे रेणू पाण्याशी फटकून आणि चरबीशी सलगीने राहणारे. फुफ्फुसातून रक्तात, रक्तातून झपाट्याने मेंदूत आणि चरबीत. मूत्रपिंडातून बाहेर पडायचं तर पाण्यात विरघळायला हवं, म्हणून यकृत त्यांच्यावर काम करतं. कुठे हायड्रॉक्सिल गट लावतं, कुठे शेपटीच्या टोकाला आम्ल करतं, आणि वर ग्लुकुरोनिक आम्लाचा तुकडा जोडून देतं. लघवीत उतरतो तो हा बदललेला माल, त्यालाच मेटाबोलाइट म्हणतात. मूळ रेणू लघवीत बहुतेक वेळा सापडतच नाही. पाकिटातला पदार्थ आणि लघवीतला पदार्थ एकच असेल असं धरून शोधणारी प्रयोगशाळा रिकाम्या हाताने परत येते. जाणता माणूस आधी बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं एन्झाइम घालून तो जोडलेला तुकडा कापतो, मग द्रावकाने अर्क काढतो, मग लिक्विड क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले पदार्थ सुटे करणारी) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (त्यांचं वस्तुमान मोजणारी) यांच्या जोडमशीनवर मेटाबोलाइट शोधतो. तेही त्या मेटाबोलाइटचा शुद्ध नमुना तुलनेला हाताशी असेल तर खात्रीने बोलता येतं.

रक्तात आणि लाळेत मूळ रेणू सापडतो. पण ओढलेली मात्राच मिलिग्रॅमात किंवा त्याहून कमी, त्यामुळे रक्तात मिलिलिटरमागे एखाद-दुसरा नॅनोग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी. क्वचित ओढणाऱ्याच्या रक्तातून तो लवकर खाली जातो. रोज ओढणाऱ्याच्या चरबीत साठून झिरपत राहतो आणि सोडल्यावरही आठवडेच्या आठवडे माग लागतो. त्यामुळे ‘किती दिवसांनी तपासू?’ याला एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता करायचं काय. पाकीट हुंगू नका, चाखून तर अजिबात बघू नका. तसंच बंद करून बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. लॅबला फोन करून एवढंच विचारा : ‘तुमच्या तपासणीत सिंथेटिक कॅनाबिनॉइडचे मेटाबोलाइट येतात काय? कोणकोणते? यादी शेवटची कधी वाढवली?’ उत्तरात नुसतं ‘आमचं टेन पॅनेल आहे’, म्हणजे दहा ठरावीक पदार्थांची तपासणी, एवढंच ऐकू आलं तर पैसे खर्चू नका. त्याऐवजी मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारी रक्तातल्या क्रिएटिनीनची तपासणी करून घ्या. २०१२ मध्ये अमेरिकेत सहा राज्यांत असा पाला ओढलेल्या सोळा जणांची मूत्रपिंडं अचानक बिघडल्याची नोंद आहे, त्यातल्या काहींच्या बाबतीत एक्सएलआर-११ हा रेणू सापडला होता. उलटी आणि पोटदुखी हीच त्यांची सुरुवातीची लक्षणं होती.

पुन्हा तसा झटका आला, फिट आली, छातीत दुखलं, तर रिपोर्ट वगैरे बाजूला ठेवून सरळ दवाखान्यात न्या. याला उतारा नाही. डॉक्टर लक्षणं सांभाळतात, आणि ती सांभाळली जातात. डॉक्टरांना सगळं खरं सांगा. आपल्याकडे ‘काहीतरी खाल्लं वाटतं’ असं सांगून मोकळे होतात, मग बिचारा ड्युटी डॉक्टर अन्नातल्या विषबाधेच्या मागे लागतो.

आणि मुलाच्या नकळत त्याची लघवी गोळा करत बसू नका. बहिणीला ओळखलं नाही, याची भीती तुमच्याहून त्यालाच जास्त वाटली असणार. बोलायला तिथून सुरुवात करा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था लांब नाही. बेळगावात कोणी बघेल ही लाज वाटत असेल तर तेवढ्यासाठीही धारवाड बरं. फोनवर बोलायचं तर टेलि-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. तिथेही मनासारखं झालं नाही तर मला परत लिहा.

मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. गांजाची पट्टी या नव्या पदार्थांना चालत नाही असं तुमच्या मागच्या एका उत्तरात ओझरतं आलं होतं. मग नवी अँटिबॉडी बनवून नवी पट्टी का काढत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

काढली की! जेडब्ल्यूएच-०१८च्या मेटाबोलाइटसाठी पट्ट्या आणि किट बाजारात आले होते. तोवर बाजारातला माल बदलला होता.

तू केमिस्ट्रीची आहेस, तेव्हा वही घे आणि हे रेणू चार भागांत काढून बघ : मधलं कडं, त्याला लागलेली शेपटी, पूल, आणि पुलापलीकडचा गट. कायद्याने एक रेणू यादीत घातला की बनवणारा चारातला एक भाग बदलतो. शेपटीच्या टोकाला फ्लोरिन लावला, एएम-२२०१ झाला. नॅफ्थलीन काढून चार मिथाइलवालं सायक्लोप्रोपेन बसवलं, यूआर-१४४. त्यालाच फ्लोरिन लावला, वर सांगितलेला एक्सएलआर-११. मग इंडोलच्या जागी इंडाझोल आलं, कार्बोनिलच्या पुलाच्या जागी अमाइड, पलीकडे व्हॅलीनसारख्या अमिनो आम्लाचा तुकडा. त्यातून फुबिनाका, पिनाका वगैरे खानदान निघालं. २०१६च्या जुलैत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एकाच दिवशी तेहतीस माणसं रस्त्यावर भूत लागल्यासारखी खिळून उभी राहिली, ती यातल्या एएमबी-फुबिनाकामुळे. त्यांच्या रक्तात आणि लघवीतसुद्धा मूळ रेणू सापडला नाही. सापडलं ते त्याचा एस्टर नावाचा सांधा तुटून झालेलं आम्ल. पहिल्या पिढीवर बेतलेल्या अँटिबॉडीला हे इंडाझोलवाले ओळखूच येत नाहीत.

फ्लोरिनची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. एएम-२२०१ शरीरात गेला की यकृत शेपटीवरचा फ्लोरिन काढून तिथे हायड्रॉक्सिल ठेवतं, मग आम्ल करतं. म्हणजे उरतात नेमके तेच मेटाबोलाइट जे जेडब्ल्यूएच-०१८चे असतात! लघवी बघून आरोपी कोणता ते कसं सांगणार? यकृताचा थोडा माल असाही निघतो की फ्लोरिन जागेवर राहतो आणि हायड्रॉक्सिल शेजारच्या, चौथ्या कार्बनवर बसतो. तो सापडला तर एएम-२२०१. न्यायालयात उलटतपासणीला वकील हा प्रश्न विचारेल तेव्हा हे उत्तर तोंडपाठ हवं. दोन्ही रेणू २०१५ मध्ये मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९७१च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत एकदमच गेले, ते सोड. पण सगळ्याच जोड्यांच्या बाबतीत कायदा इतका सोयीचा नसतो.

दुसरी अडचण वस्तुमानाची. फ्लोरिन पाचव्या कार्बनऐवजी चौथ्यावर बसवला तर रेणूचं वस्तुमान दशांशापर्यंत तेच राहतं. कितीही बारीक मोजणारं मशीन दोघांना एकच समजेल. तिथे कॉलममधून कोण आधी बाहेर पडतो हे बघावं लागतं, आणि त्यासाठी दोघांचे शुद्ध नमुने लागतात. रेणू नवा असेल तर त्याच्या मेटाबोलाइटचा नमुना विकतही मिळत नाही. मग मानवी यकृताच्या पेशी घेऊन त्यात तो पदार्थ सोडायचा, काय काय तयार होतं ते बघायचं, आणि त्यावरून लघवीत काय शोधायचं ते ठरवायचं. मोठ्या प्रयोगशाळा आता नमुन्यातले दिसतील ते सगळे आयन साठवून ठेवतात. सहा महिन्यांनी नवा रेणू कळला की जुनीच नोंद उघडून पुन्हा बघता येते. मला स्वतःला ही पद्धत पट्टीपेक्षा फार शहाणपणाची वाटते, पण तालुक्याच्या दवाखान्याला ती परवडणारी नाही हेही खरं.

चीनने १ जुलै २०२१ पासून एकेक नाव न घेता गाभ्याच्या रचनेवरूनच या कुटुंबावर सरसकट बंदी घातली. काय झालं? त्या व्याख्येत न बसणारे नवे गाभे आले. तुझ्या पिढीला काम भरपूर आहे.

बाई, महाशिवरात्रीला मित्राच्या घरी भांग घातलेली थंडाई घेतली. नातू म्हणतो, भांग सरकारमान्य आहे, टेस्टमध्ये येत नाही. खरं काय?
— निवृत्त हवालदार, हिंडलगा

येते. भांग म्हणजे त्याच झाडाची पानं, त्यात तेच टीएचसी, लघवीत तेच आम्ल. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. हा फरक कायद्याच्या पुस्तकात आहे. पट्टीने ते पुस्तक वाचलेलं नाही. नातवाला सांगा, आणि या वयात रक्तदाबाच्या गोळ्यांवर भांग घेऊ नका हे तुम्हालाही सांगते.

मॅडम, मी चिकोडी भागात एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. पोलीस केसमध्ये रक्त-लघवी घ्यायची वेळ येते. कधी कुठली ट्यूब हाताला लागेल ती, कधी नमुना दोन दोन दिवस टेबलावर. पुढे रिपोर्ट ‘आढळले नाही’. आमचं काही चुकतं काय?
— एक टेक्निशियन

हे पत्र वाचून बरं वाटलं. नोकरीतली बरीच वर्षं मी याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला बसून असले नमुने उघडले आहेत, आणि गळकं झाकण, अर्धवट लेबल, मे महिन्यात अथणीकडून एसटीने आलेली गरम बाटली, सगळं बघितलं आहे.

नव्या रेणूंपैकी पुष्कळांच्या टोकाला मिथाइल एस्टर असतो; फाइव्ह-एफ-एडीबी हे त्यातलं बदनाम नाव. एस्टर हा नाजूक सांधा. शरीरात यकृतातलं कार्बोक्सिलएस्टरेज तो भराभर तोडतं, आणि ट्यूबमध्ये काढलेल्या रक्तातही तो तुटत राहतो, खोली जितकी गरम तितका वेगाने. दोन दिवस टेबलावर राहिलेल्या रक्तात मूळ रेणू नाहीसा होऊन नुसतं आम्ल उरलेलं असू शकतं. पुढच्या प्रयोगशाळेच्या यादीत ते आम्ल नसेल तर रिपोर्ट ‘आढळले नाही’. अमाइडवाले त्या मानाने टिकाऊ.

म्हणून रक्त राखाडी टोपीच्या ट्यूबमध्ये घे, जिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं. फ्लोराइड एन्झाइमना आवर घालतं. जेलवाली पिवळी ट्यूब टाळ, चरबीप्रेमी रेणू जेलमध्ये शिरून बसतात. प्लॅस्टिकच्या भिंतीलाही ते चिकटतात, तेव्हा एका बाटलीतून दुसरीत ओतण्याचा खेळ करू नको. लगेच फ्रीजमध्ये, पाठवायला वेळ लागणार असेल तर उणे २० अंशांवर. काचेची ट्यूब गोठवताना तडकते, आधी बघून घे. पाठवताना बर्फाच्या पेटीत. लघवीही आवर्जून पाठव. रक्तात मूळ रेणू शोधता येतो, लघवीत मेटाबोलाइट. एकाने हुकवलं तर दुसरं पकडतं.

उष्णतेचा त्रास तुझ्याकडेच संपत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना अडीचशे अंशांच्या आसपास तापलेल्या इंजेक्टरमध्ये टोचतात. यूआर-१४४ आणि एक्सएलआर-११मधलं ते ताणलेलं सायक्लोप्रोपेनचं कडं तिथे उघडतं आणि मशीनला वेगळाच पदार्थ दिसतो. सिगारेटच्या टोकावरही हेच होतं, त्यामुळे कडं उघडलेला माल शरीरातही गेलेला असतो. तुला एवढं लक्षात ठेवायची गरज नाही, पण नमुना लिक्विड क्रोमॅटोग्राफीवर जावा असं डॉक्टरांच्या पत्रात लिहून घ्यायला हरकत नाही.

शेवटचं, फॉर्म. ‘गांजाचा संशय’ एवढंच लिहून पाठवलंस तर समोरचा टीएचसी शोधतो आणि हात झटकतो. रुग्णाची नाडी किती होती, फिट आली का, भ्रम होता का, खिशात पाकीट सापडलं का, ओढल्यापासून नमुना घेईपर्यंत किती तास गेले, रक्त किती वाजता काढलं आणि फ्रीजमध्ये किती वाजता गेलं, हे लिही. पाकीट असेल तर ते पोलिसांकरवी सील होऊन त्याच नमुन्याबरोबर गेलं पाहिजे. पाल्यावरचा मूळ रेणू सापडला की लघवीत कोणता मेटाबोलाइट शोधायचा ते प्रयोगशाळेला आयतं कळतं. फॉर्म कानडीत असला तरी रसायनाची आणि औषधांची नावं इंग्रजीत सुटी सुटी लिही, आणि सलाइनमधून काय काय दिलं तेही त्याच कागदावर असू दे.